काळी वायर

झाली ना शोभा? दिवसभर अंगणात गाडीचे दरवाजे उघडे टाकून गाणी लावलीत, इंजिन बंद, आणि संध्याकाळी निघायच्या वेळी किल्ली फिरवली तर नुसतं टिक-टिक. मेकॅनिक सकाळी येतो म्हणालाय, म्हणजे दुपारी उगवेल. तोवर मामाच्या घरी मुक्काम. गाद्या घाला, खिडकीची कडी लावा आणि ते मोबाइल जरा खाली ठेवा. भुताची गोष्ट सांगा म्हणून मघापासून माझ्या मागे लागलाय. मला भुताबितांच्या गोष्टी येत नाहीत. एक आहे, ती बॅटरीचीच आहे, आणि ज्याच्यावर ती गुदरली तो माणूस कितीतरी वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होता. तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. खोटं बोलायलाही अंगात जरा ताकद लागते, आणि त्या दिवसांत त्याच्यात तेवढीही उरली नव्हती.

आमची दातांची लॅब तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांकडून साचे यायचे, आम्ही कवळ्या बनवून पाठवायचो. तो माणूस मेणात दात असे काही बसवायचा, की लावणारी म्हातारी आरशात बघून लाजायची. म्हणून त्याचं नावच आम्ही कवळ्या पाडलं होतं. त्याचे स्वतःचे दात वाकडेतिकडे होते, तो भाग वेगळा.

तर ऑक्टोबरचा महिना, तिसरा सोमवार. अमावस्या वगैरे काही नव्हती, साधा सोमवार होता. रात्री नऊच्या सुमारास कवळ्या आईच्या गोळ्या आणायला खाली उतरला. औषधाचं दुकान साडेनऊला बंद व्हायचं, गाडीने पाच मिनिटांचा रस्ता. त्याचं घर अरुंद, दुमजली. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, खाली गॅरेज, आणि दोन्हींच्या मधे एक वळणाचा जिना. तो उतरला, गाडीत बसला, किल्ली फिरवली.

काही नाही.

टिक नाही, टुक नाही. डॅशबोर्डवरचे दिवेसुद्धा लागले नाहीत. कवळ्याच्या तोंडचं पाणी पळालं. तुम्ही म्हणाल, बॅटरी उतरली तर एवढं काय? त्याचं कारण आहे. ते कळायचं तर आधी त्या गाडीची खोड सांगायला हवी.

गाडी त्याच्या वडिलांची. वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते, निवृत्त झाल्यावर सगळा जीव त्या गाडीवर. पण गाडीला एक रोग होता. रात्री नुसती उभी राहिली तरी सकाळपर्यंत बॅटरी पिऊन टाकायची. कुठेतरी करंट गळत होता. तीन इलेक्ट्रिशियन झाले, तिघांनीही हात टेकले. शेवटी वडिलांनी आपला उपाय काढला. रोज रात्री झोपण्यापूर्वी खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं, दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची काळी वायर सैल करायची आणि काढून डावीकडे वळवून ठेवायची. वायर सुटली की गळती बंद. सकाळी उठून ती परत लावायची, मग चहा. बॉनेट म्हाताऱ्याने कधी आपटलं नाही. हळू खाली आणायचं आणि दोन्ही तळव्यांनी दाबून बसवायचं. कारण आईचा पलंग बरोबर गॅरेजच्या वर होता आणि तिची झोप सावध.

कवळ्याला याची गंमत वाटायची. "बाबा, गाडीला अंगाई म्हणून झाली का? मच्छरदाणी पण लावा एखादी," असं म्हणायचा. स्वतः मात्र त्याने बॉनेट कधी उघडलं नाही. वडील आहेत ना, ते बघतील. आपण सगळे असेच असतो.

मग एका जानेवारीत, पहाटेच्या आधी, वडिलांच्या छातीत कळ आली. कवळ्याने त्यांना धरून खाली आणलं, गाडीत बसवलं, किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही. त्याला वाटलं, गेली बॅटरी. वडिलांना बोलता येत नव्हतं. ते हात उचलून पुढे दाखवत होते... पुढे, काचेकडे... कवळ्याला वाटलं, चल म्हणतायत. तो म्हणाला, "हो बाबा, निघतोच," आणि रस्त्यावर धावला. शेजारच्या घरी एक शिक्षिका राहायच्या. त्यांना उठवलं, त्यांनी गाडी काढली. गाडी दारात येईपर्यंत वडील गेले होते. हात तसाच पुढे.

आठवड्याने मेकॅनिक आला. बॉनेट उघडून म्हणाला, "साहेब, बॅटरी ठणठणीत आहे. तुमची वायरच काढलेली आहे."

हे कवळ्याने मला आयुष्यात एकदाच सांगितलं. नखातलं प्लॅस्टर काढत काढत, माझ्याकडे न बघता. मी चहा मागवला.

त्यानंतर त्याने इरेला पेटून गळती शोधून काढली. काय निघालं माहितीये? डॅशबोर्डच्या कप्प्यातला एक बारका दिवा. झाकण लावलं तरी आत तो जळतच राहायचा. एवढ्याशा दिव्यापायी म्हातारा वर्षानुवर्षं रात्रीचा खाली उतरत होता. कवळ्याने दिवा काढून फेकला, नवी बॅटरी बसवली, पाना वर नेऊन स्वयंपाकघराच्या खणात टाकला. त्या वायरीला आता कुणी हात लावायचा नाही, असं त्याने ठरवलं. घरात होतंच कोण? तो आणि आई.

आणि आता आईचं हृदय थकलं होतं. पाय सुजायचे, छातीत पाणी भरायचं. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "रात्री श्वास अडकला तर ॲम्ब्युलन्सची वाट बघू नका. तुमच्या भागात तिला वेळ लागतो. सरळ गाडीत घाला आणि आणा." म्हणजे ती गाडी कोणत्याही रात्री, पहिल्या किल्लीला सुरू झाली पाहिजे. आईचा जीव त्या किल्लीवर होता. कवळ्या हे विसरत नव्हता. लॅबपर्यंतच्या पाच-दहा मिनिटांच्या फेरीत बॅटरी भरत नाही, उलट किल्ली मारण्यात खर्ची पडते, म्हणून दर रविवारी आईला शेजारी बसवून तो लांब, नदीच्या पुलापलीकडे चांगला तासभर फिरवून आणायचा. तेवढीच आईला हवा आणि बॅटरीला खुराक. दिवा, रेडिओ, पंखा, सगळं बंद आहे ना, हे उतरताना दोनदा बघायचा. मी चेष्टा करायचो, "कवळ्या, लग्न केलं असतंस तर बायकोला एवढं जपलं असतंस का रे?" तो हसायचा. हसण्यातसुद्धा थकलेला दिसायचा. रात्री आईचं खोकणं, उशा उंच करणं, पाणी देणं. दिवसा डोळ्यापुढे बारीक बारीक दात.

असो. तर त्या सोमवारी गाडी मेल्यासारखी पडलेली. कवळ्याने मोबाइलचा टॉर्च लावला आणि बॉनेट उघडलं.

काळी वायर काढलेली होती. डावीकडे वळवून ठेवलेली.

गोळ्या त्या रात्री शिक्षिकाबाईंनी आणून दिल्या. त्याने वरून पाना आणून वायर बसवली, गाडी लगेच सुरू झाली. बॅटरीला काहीही झालेलं नव्हतं. रात्रभर तो छताकडे बघत पडला. मग स्वतःलाच म्हणाला, मीच केलं असणार. दमलेला माणूस काय वाटेल ते करतो. एकदा त्याने दुधाचं पातेलं कपाटात ठेवून दिलं होतं.

मंगळवारी त्याने गॅरेजच्या शटरला आतून कुलूप लावलं. जिन्याच्या दाराला दुसरं. दोन्ही किल्ल्या उशीखाली. पाना आईच्या पलंगाखालच्या पेटीत.

बुधवारी सकाळी वायर काढलेली. गुरुवारीही.

त्या दुपारी त्याने लॅबमध्ये मला सांगितलं. डोळे लाल झालेले, हातातल्या कवळीत एक दात उलटा बसवलेला. मी म्हटलं, "हे बघ, तू झोपेत चालतोस. माझा चुलत भाऊ झोपेत उठून बूट पॉलिश करायचा. चार रात्री नीट झोप, सगळं बंद होईल."

"पाना आईच्या पलंगाखाली आहे," तो म्हणाला. "पेटी ओढली तर ती जागी होते. ती म्हणते, कुणी ओढली नाही."

"मग हाताने काढत असशील."

"नट हाताने निघत नाही रे. मी इतका घट्ट करतो की पान्यानेसुद्धा जोर लावावा लागतो."

मी म्हटलं, "येऊ का आज मी झोपायला?"

"नको. आईला कळेल काहीतरी आहे म्हणून. आधीच तिला..." एवढं बोलून तो परत दात बसवायला लागला.

आता दिवा जरा बारीक करा. डोळ्यावर येतो.

शुक्रवार. आई झोपल्यावर, अकराच्या पुढे, कवळ्या गॅरेजमध्ये जाऊन बसला. गाडीच्या मागच्या सीटवर, अंगावर शाल घेऊन. वर जिन्याचं दार उघडं ठेवलेलं, आईने हाक मारली तर ऐकू यावी. त्याने ठरवलं होतं, जागं राहायचं. मी असलो तर मला कळेल, दुसरं कुणी असलं तर मला दिसेल. हिशेब सोपा होता. पण तो किती रात्रींचा उपाशी होता झोपेचा... मागची सीट मऊ... बघता बघता त्याचा डोळा लागला.

जाग आली ती थंडीने.

गॅरेजमध्ये अंधार. रस्त्यावरच्या दिव्याची एक पट्टी शटरखालून आत येत होती, तेवढीच. तो कुशीवर आडवा झालेला होता. उठून बसला. समोरच्या काचेतून शटरच्या वरची भिंत दिसायला हवी.

भिंत दिसत नव्हती.

काचेपुढे काळं काहीतरी उभं होतं. काचेभर.

त्याला एक क्षण कळेना. मग कळलं. बॉनेट... उघडं होतं.

त्याने श्वास धरला. आवाज येत होता. अगदी बारीक. लोखंडावर लोखंड. कुट्... थांबलं. कुट्... थांबलं. पाना नटावर एक एक घर फिरवल्यावर येतो तसा. सावकाश. घाई नसलेल्या माणसाचा.

उघडलेलं बॉनेट आणि गाडी यांच्यामधे, काचेच्या खालच्या बाजूला, एक फट असते. आपण मागे बसून वाकलो तर तिच्यातून पलीकडचं थोडं दिसतं. कवळ्या वाकला. का वाकला, ते त्यालाही सांगता आलं नाही. फटीत शटरखालचा उजेड होता. त्या उजेडात काहीतरी हललं. पांढरं. गंजिफ्रॉकाची बाही असते तेवढं. मग ते सरकलं.

कुट्... कुट्.

मग शांत.

बराच वेळ शांत.

मग बॉनेट खाली यायला लागलं. आपटत नाही... हळू. कुणीतरी हाताने धरून आणावं तसं. खाली... खाली... आणि काचेपलीकडे भिंत दिसायला लागली. वरपासून. आधी वरची भिंत, मग खिळा, मग शटरची कडा.

कुणी नव्हतं.

बॉनेटपुढे कुणीही नव्हतं. बॉनेट एक वीत वर होतं, आणि तसंच थांबलं. मग ते खाली दबलं. आधी डावीकडून. मग उजवीकडून.

खट्.

कवळ्याला ओरडायचं होतं, पण वर आई. तो तसाच बसून राहिला. आणि मग, तो मला म्हणाला, मला भीती वाटायची थांबली रे. मला रडू आलं. इतका दमलो होतो, की मला वाटलं, बाबासुद्धा किती दमले असतील. अजून उतरतायत खाली. आता गळती नाही, दिवा काढून फेकला, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

तो हळूच म्हणाला, "बाबा..."

काही नाही.

"बाबा, ती वायर आता काढायची नाही. गाडी आता पीत नाही. आईला रात्री गाडी लागते. तुमच्या वेळी जसं... तसं व्हायला नको."

शटरखालच्या उजेडात काही हललं नाही. कुठूनही आवाज आला नाही. त्याने खाली उतरून बॉनेट उघडलं. वायर डावीकडे वळवून ठेवलेली होती. ती त्याने पुन्हा लावली आणि वर जाऊन आईच्या पलंगाशेजारी जमिनीवर झोपला.

शनिवारी वायर जागेवर. रविवारी जागेवर. पुढचा अख्खा आठवडा जागेवर. कवळ्याच्या चेहऱ्यावर जरा रक्त आलं. लॅबमध्ये मला म्हणाला, "ऐकलं रे त्यांनी." मला अजूनही वाटत होतं, हा झोपेत चालतो. पाना त्याने परत स्वयंपाकघराच्या खणात टाकला. पण रात्री झोपण्यापूर्वी एकदा खाली उतरून बॉनेट उघडून बघायची सवय त्याला लागली. म्हणजे बघा, म्हाताऱ्याला हसायचा आणि आता स्वतःच तेच करत होता.

मग आला नोव्हेंबरचा पहिला गुरुवार.

आधीच्या दोन रात्री आईने त्याला पाठ टेकू दिली नव्हती. खोकला, धाप, परत खोकला. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या होत्या. त्या रात्री ती जरा शांत झाली आणि कवळ्या पावणेबाराला खाली उतरला, बॉनेट उघडून बघायला.

वायर काढलेली होती.

तो नुसता उभा राहिला. राग नाही, भीती नाही, काही नाही. त्याच्या अंगात काही उरलंच नव्हतं. पाना वर होता. त्याने जिन्याकडे तोंड केलं, तेवढ्यात वरून आईची हाक, "पाणी दे रे." तो वर गेला. पाणी दिलं. उशा सारख्या केल्या. आता पाना घेऊन खाली जायचं, असं मनाशी म्हणत तो एक मिनिट पलंगाच्या कडेला टेकला. पायात चपला तशाच.

आणि त्याला झोप लागली.

मी त्याला दोष देत नाही. तुम्हीही देऊ नका. माणूस दमतो.

दोन वाजून दहा मिनिटांनी तो जागा झाला. पलंगावरून आवाज येत होता. भांड्यात तळाशी राहिलेलं पाणी नळीने ओढावं तसा. आई उठून बसली होती, दोन्ही हात गादीवर रोवून. ओठ काळपट. बोलता येत नव्हतं. नुसती त्याच्याकडे बघत होती.

त्याने ॲम्ब्युलन्सला फोन केला. पलीकडून सांगितलं, पाऊण तास. शिक्षिकाबाईंच्या खिडकीकडे पाहिलं, अंधार. मग आठवलं, बाई सुट्टीत बहिणीकडे गेल्यात. उरला तो आणि आई. आणि जिना.

पायावर उभी राहण्यासारखी ती नव्हती. उचलून एकट्याने त्या वळणावरून नेण्यासारखीही नव्हती, सुजेने अंग जड झालेलं. त्याने स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची पांढरी खुर्ची ओढली, आईला तीत बसवलं, शालीने बांधलं. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली, मागे कलवली, आणि जिन्याच्या तोंडाशी आला. अशी खुर्ची उतरवायला दोघं लागतात. एक वर, पाठ धरून. एक खाली, पुढचे पाय धरून. दुसरं कुणी नव्हतं.

पहिली पायरी. धाड्.

आई कण्हली.

दुसरी पायरी. धाड्.

त्याच्या खांद्यातून कळ गेली. जिन्यातला दिवा वरचा, तो पाठीमागे राहिला. खाली वळणावर अंधार. "आई, झालं हं... झालं..." तिसरी. धाड्. हात घामाने निसटायला लागले. चौथी. खुर्ची पुढे झुकली, त्याने ओढून धरली, गुडघा भिंतीवर आपटला. आता सुटणार. आता ही माझ्या हातून सुटणार आणि...

वळण आलं.

आणि खुर्ची हलकी झाली.

आवाज थांबला. धाड् नाही. पायऱ्यांना खुर्ची लागतच नव्हती. तो उतरत होता, खुर्ची उतरत होती, सपाट, सावकाश, एक एक पायरी. त्याला त्या वेळी काही वाटलं नाही. हात बधिर झाले असतील, एवढंच वाटलं. आई कण्हायची थांबली होती. ती समोर, खाली, अंधारात बघत होती.

खुर्ची गॅरेजच्या फरशीवर टेकली. अलगद.

त्याने शटर उघडलं. आईला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. वळसा घालून आपल्या जागी बसला. किल्ली लावली.

आणि तेव्हा त्याला आठवलं.

वायर.

पाना वर... स्वयंपाकघरात... खणात. वर जायचं, परत यायचं, बॉनेट, नट... आईचा श्वास ओढला गेला आणि थांबला. एक... दोन... परत आला, अर्धाच. त्याला दार उघडता येईना. पुन्हा तेच. तीच गाडी, तीच सीट, आणि ह्या वेळी तर त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून तो झोपला होता.

"आई," तो म्हणाला, "मला माफ कर गं."

आईने मान हलवली. नाही म्हणाल्यासारखी. आणि त्याचा हात, किल्लीवरचा, आपल्या हाताने दाबला.

त्याने किल्ली फिरवली.

इंजिन पहिल्या फटक्यात लागलं.

कसा गेला, कुठून गेला, सिग्नल होते का नव्हते, त्याला काही आठवत नाही. आईला आत घेतलं, नळ्या लावल्या, छातीतलं पाणी काढलं. पहाटे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वेळेत आणलंत. अजून दहा-पंधरा मिनिटं गेली असती तर मी तुमच्याशी वेगळं बोललो असतो."

उजाडल्यावर मी पोचलो तेव्हा कवळ्या हॉस्पिटलच्या आवारात होता, गाडीपाशी. गाडी रात्रभर चालूच. बंद करायची त्याची हिंमत झाली नव्हती, दरबान दोनदा ओरडून गेला होता. बॉनेट उघडं. मला म्हणाला, "बघ."

काळी वायर जागेवर होती. नट आवळलेला. आणि नटावर, वायरीच्या तोंडावर, काळंशार ताजं ग्रीस थापलेलं. हवेने गंजू नये म्हणून जाणते लोक थापतात तसं.

"ग्रीस आमच्या घरात नाही," कवळ्या म्हणाला.

मी त्याच्या हातात चहा दिला. म्हटलं, "ऐक. तू रात्री उठलास, खाली गेलास, वायर लावलीस, परत येऊन झोपलास. झोपेत. ग्रीस कुठल्यातरी कोपऱ्यात जुनं असेल, लावलंस. संपलं." तो मग म्हणाला, "हो. तसंच असेल." दोघांनाही ते हवं होतं. त्याने दोन्ही हातांनी कप तोंडाला लावला. हात स्वच्छ होते त्याचे. नखांत नेहमीचं पांढरं प्लॅस्टर, बाकी काही नाही. तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं नाही.

नऊच्या सुमारास त्याने मला घराची किल्ली दिली. आईची कवळी उशाशी राहिली होती, त्यानेच केलेली, आणि एक गाउन हवा होता. मी गेलो. शटर रात्री उघडं टाकलेलं तसंच होतं. गॅरेजभर ऊन आलेलं. मला हसू आलं, एवढ्या उन्हात भुताचं काय घेऊन बसलोय म्हणून. जिन्याशी ती खुर्ची होती, कवळ्याने टेकवली तिथेच. शाल खाली पडलेली. मी शाल उचलायला वाकलो.

खुर्चीची पाठ पांढरी स्वच्छ होती. कवळ्याने जिथे धरलं होतं तिथे एक डाग नाही.

पण पुढच्या दोन पायांवर...

पुढच्या दोन्ही पायांवर, खालच्या बाजूला, ग्रीसचे हात उमटले होते. चार बोटं मागे, अंगठा समोर. इकडे एक, तिकडे एक. लहान नाही, बाईचे नाही. मोठ्या, रुंद पंज्याच्या माणसाचे. जिन्यावरून उलटा उतरत जाणारा माणूस जड खुर्ची जिथे धरतो, बरोबर तिथे.

मी शालीची घडी करून खांद्यावर टाकली. मग वर जाऊन कवळी घेतली, गाउन घेतला, आणि ती खुर्ची न पुसता, तशीच उचलून वर नेऊन ठेवली.